अठ्ठावन्न छापे, बेचाळीस काटे

(दहावी १९८८च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेली काही वाक्यं लिहून काढताना घातली आहेत.)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून देताना ‘सिंगापूरच्या मोठ्या शास्त्रज्ञ’ असं म्हटलं. मी शास्त्रज्ञ नाही. मी चिपच्या प्रयोगशाळेत चाचणी विभागात इंजिनीअर आहे. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू तपासायची आणि पास की नापास ते लिहायचं, एवढंच माझं काम. म्हणजे परीक्षकाचंच म्हणा ना. आयोजकांनी मला ‘मी आणि माझं काम’ असा विषय दिला आहे आणि वीस मिनिटं दिली आहेत. त्या वीस मिनिटांत मला एक कबुलीही द्यायची आहे. ती माझ्या कामातूनच निघते, म्हणून विषय सोडून बोलते असं समजू नका.

गोष्ट १९८७च्या पावसाळ्यातली. आपण दहावीत नुकतेच आलो होतो. गणिताचा ऑफ तास होता आणि विज्ञानाचे सर वर्गावर आले. सर आज पहिल्या रांगेत बसलेत, ८४ वर्षांचे आहेत आणि माझ्यापेक्षा ताठ बसलेत. कौलांवर पावसाचा एवढा आवाज होता की सरांनी शिकवायचं सोडून दिलं आणि फळ्यावर लिहिलं : ‘घरी एक नाणं शंभर वेळा उडवा. छापा आला की छा, काटा आला की का, असं क्रमाने वहीत लिहा.’ अभ्यासक्रमात नव्हतं, परीक्षेला येणार नव्हतं. आपण ४२ जण होतो. आठवलं का कुणाला? हो, हसताय म्हणजे आठवलंय.

मी घरी गेले. घरात पाहुणे होते, पोहे करायचे होते. चार आण्याचं नाणं घेऊन दहा-बारा वेळा उडवलं, ते कॉटखाली गेलं, मला कंटाळा आला. पुढचं सगळं मी मनाने लिहिलं. छा, का, का, छा, का, छा, छा, का. सलग तीनदा छापा लिहिला की मलाच कसंसं व्हायचं, म्हणून चौथ्या ठिकाणी न चुकता काटा. शेवटी मोजलं तर बरोबर पन्नास-पन्नास झाले होते. ते जरा जास्तच बेतलेलं वाटलं, म्हणून एक खोडून एक्कावन्न केले. खोटं खरं वाटावं यासाठी मी घेतलेले ते पहिले कष्ट.

दुसऱ्या दिवशी सरांनी एकेक वही उचलून आकडे मोठ्याने वाचले. पन्नास. एकोणपन्नास. एक्कावन्न. पन्नास. बावन्न. सगळा वर्ग अठ्ठेचाळीस ते बावन्नच्या आत. मग शेवटच्या बाकावरच्या एकाची वही आली. त्याचं नाव मी घेत नाही, तशी त्याची अट आहे. पण तो इथे आहे आणि तुम्ही सगळे त्याला ओळखता. त्याच्या वहीत ५८ छापे आणि ४२ काटे होते, आणि एका ठिकाणी सलग सात छापे. सर म्हणाले, “सलग सात? नाणं वाकडं आहे की तू?” वर्ग हसला. मीही हसले. तो दोनदा म्हणाला, “सर, खरंच उडवलं.” त्याला दोन छड्या बसल्या. माझ्या वहीवर लाल शाईने ‘उत्तम’ आलं आणि ती वही नमुना म्हणून वर्गभर फिरली.

आता माझ्या कामाकडे येते. हा धागा तिथे पुन्हा सापडेल.

कॉम्प्युटरच्या पोटात सगळं शून्य आणि एक असतं, हे आता आपल्या नातवंडांनाही माहीत आहे. त्या शून्याला आणि एकाला जपून ठेवायला निरनिराळ्या वस्तू वापरतात. मी ज्या वस्तूवर वर्षानुवर्षं काम केलं तिला चुंबकी टनेल जंक्शन म्हणतात. नाव अवघड असलं तरी रचना सोपी आहे. चुंबकाचे दोन अतिशय पातळ थर असतात आणि त्यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा आणखी पातळ थर, जेमतेम एक नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खालच्या चुंबकाची दिशा कायमची बांधलेली असते, वरच्याची मोकळी. दोघांची दिशा एक असेल तर वीज सहज जाते, उलट असेल तर अडते. एक म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. वीज गेली तरी चुंबक दिशा विसरत नाही, म्हणून याच्यापासून स्मृतीच्या चिप बनवतात.

पण एक अडचण आहे. जगातली कुठलीही वस्तू, या हॉलमधल्या खुर्चीसकट, आतून सतत थरथरत असते. ती उष्णतेची थरथर. वरचा मोकळा चुंबकही थरथरतो. तो उलटून पडत नाही, कारण दोन दिशांच्या मध्ये उंबरठा असतो. दोन खोल्यांमध्ये रांगणारं मूल डोळ्यांसमोर आणा. उंबरठा उंच असेल तर मूल आहे त्या खोलीतच राहतं. ठेंगणा असेल तर दिवसभर इकडून तिकडे.

त्यातली गंमत आकड्यांत आहे. उंबरठ्याची उंची थरथरीच्या ऊर्जेच्या चाळीसपट ठेवली, तर चुंबक आपणहून उलटायला सरासरी सात वर्षं लागतात. तीच उंची चौदापट केली तर? सात वर्षांचं सेकंदाच्या हजाराव्या भागावर येतं. उंबरठा साधारण एक तृतीयांश झाला आणि मुदत अब्जावधी पटींनी घटली.

स्मृतीच्या चिपला अर्थातच उंच उंबरठा लागतो. कुणाचा फोटो, कुणाचा बँकेतला शिल्लक आकडा आपणहून पालटून चालणार नाही. माझं काम ठेंगण्या उंबरठ्याची जंक्शनं शोधून बाद करण्याचं. गोल चकतीवर, तिला आम्ही वेफर म्हणतो, लाखो जंक्शनं असतात. यंत्र प्रत्येकाला विचारतं, तू शून्य की एक? थोड्या वेळाने पुन्हा विचारतं. ज्याचं उत्तर बदललं, त्याच्या जागी नकाशावर लाल ठिपका. लाल म्हणजे नापास. किती वर्षं मी लाल ठिपके कमी करण्यासाठी रात्रपाळ्या केल्या, ते माझ्या घरच्यांना विचारा.

२०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. जपानमधल्या सेंदाई इथलं तोहोकू विद्यापीठ आणि अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ, या दोन ठिकाणच्या लोकांनी मिळून केलेलं काम. त्यांनी काय वापरलं होतं? लाल ठिपके. मुद्दाम ठेंगण्या उंबरठ्याची बनवलेली, सतत शून्य-एक-शून्य-एक अशी उलटणारी जंक्शनं. जे आम्ही नापास म्हणून टाकत होतो, तेच त्यांनी मुख्य भाग म्हणून बसवलं होतं. निबंधाच्या लेखकांत एक नाव सुप्रियो दत्ता यांचं होतं. ते १९७५ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतून बी.टेक. झाले आणि नंतर पर्ड्यूला प्राध्यापक झाले. माझ्या वरिष्ठांनी तो निबंध टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आपल्या नापासांची यादी आहे ना तुझ्याकडे? ती काढ.”

या वस्तूला पी-बिट म्हणतात. यातला ‘पी’ संभाव्यतेच्या इंग्रजी नावातला. साधा बिट ठामपणे शून्य किंवा एक असतो. पी-बिट म्हणजे हवेत फिरणारं नाणं. पण असं नाणं, ज्याला कलता येतं. त्याला बाहेरून थोडा विद्युतदाब दिला की तो एकाकडे जास्त वेळ राहतो, उलटा दिला की शून्याकडे. काहीच दिलं नाही तर निम्मा-निम्मा. दाब खूप दिला तर तो साध्या बिटासारखा गप्प बसतो. म्हणजे ‘नाही’, ‘बहुतेक नाही’, ‘सांगता येत नाही’, ‘बहुतेक हो’ आणि ‘हो’, हे सगळं एकाच वस्तूला बोलता येतं.

एकटा पी-बिट काही कामाचा नाही. असे पुष्कळ पी-बिट एकमेकांना जोडायचे. एकाचं उत्तर दुसऱ्याला थोडं कलवतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. कुणाचं मत किती मानायचं, ते वजन आपण ठरवायचं. ती वजनं अशी लावायची की आपल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आलं की सगळ्यांचं एकमेकांशी जुळतं आणि चुकीचं आलं की खटके उडतात. मग नुसतं बघत बसायचं. जाळं हजारो-लाखो वेळा उलटतं पालटतं, पण जिथे खटके कमी, तिथे जास्त वेळ रमतं. सगळ्यात जास्त वेळ जिथे रमलं, ते उत्तर. चुलत-मावस नातलगांनी भरलेल्या घरात लग्नाची तारीख ठरते, ती बरीचशी अशीच ठरते.

त्या २०१९च्या प्रयोगात आठ पी-बिट होते आणि त्यांनी ९४५ पर्यंतच्या संख्यांचे अवयव पाडून दाखवले. पस्तीस दिले की जाळं पाच आणि सात या जोडीवर जास्त वेळ थांबणार. तुम्ही म्हणाल, एवढं तर आपले गणिताचे सर छडी न उगारता सातवीत करून घ्यायचे. खरं आहे. ९४५चे अवयव पाडायला जपान-अमेरिकेची गरज नाही. पण साधा कॉम्प्युटर गुणाकार पुढच्या दिशेने करतो. दोन संख्या द्या, गुणाकार घ्या. हे जाळं उलट्या दिशेनेही चालतं. परिणाम हातात आहे, कारण शोधायचं आहे. डॉक्टर लक्षणांवरून रोग ओळखतात ते हेच. मेकॅनिक आवाजावरून बिघाड ओळखतो ते हेच. याला अनुमान म्हणतात, आणि अनुमानात ‘बहुतेक’ टाळता येत नाही.

हेच काम साध्या कॉम्प्युटरवर होत नाही का? होतं. पण साध्या कॉम्प्युटरला नाणं उडवता येत नाही. तो सूत्राने नाणेफेकीचं सोंग करतो, मीही पोहे करता करता केलं होतं तसं. फक्त त्याचं सोंग माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं. ते सोंग आणि त्यावरचा कल मिळून एका पी-बिटाचं काम करायला शेकड्यांनी ट्रान्झिस्टर लागतात. इथे एक जंक्शन आणि सोबतीला मोजके ट्रान्झिस्टर यांत भागतं, कारण उलटण्याचं मुख्य काम खोलीतली उष्णताच फुकट करून देते. वीजही त्यामानाने थोडी.

ही कल्पना एका दिवसात आली नाही. १९४६ मध्ये स्टानिस्लाव उलाम हा गणिती आजारपणातून उठत असताना एकट्याने पत्ते खेळत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता कागदावर काढायला जमेना, तेव्हा त्याला सुचलं की शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजावं. त्यातून ‘माँटे कार्लो’ पद्धत उभी राहिली. १९८१ मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी एक भाषण केलं. क्वांटम कॉम्प्युटरची कल्पना मांडणारं भाषण म्हणून ते गाजलं. पण त्याच भाषणात संभाव्यतेवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचाही विचार होता. आणि १९८५ मध्ये जेफ्री हिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बोल्ट्झमन मशीन’ मांडलं. मी आत्ता सांगितलेलं, एकमेकांना कलवणाऱ्या नाण्यांचं जाळं, ते तेच. २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर हिंटन यांना मिळालं, त्यात या कामाचा वाटा आहे. कल्पना कागदावर होती, कार्यक्रम म्हणून कॉम्प्युटरवर चालत होती. तिच्या जातीची वस्तू मिळायला तीन दशकं गेली.

अजूनही सगळं सुरळीत नाही, हेही सांगते. नाहीतर उद्या कुणी म्हणेल हिने जाहिरात केली. एका वेफरवरची दोन जंक्शनं सारखी निघत नाहीत. एक जोरात उलटतं, दुसरं सुस्त. एकाचा कल मुळातच छाप्याकडे. आठ जंक्शनं हाताने सांभाळता येतात, आठ लाख कशी सांभाळायची? मोठी जाळी आज बहुतेक नेहमीच्याच चिपवर सोंग करून चालवतात. जंक्शनांच्या वेगात मात्र प्रगती झाली आहे. २०२१ मध्ये काही नॅनोसेकंदांत उलटणारी जंक्शनं दाखवली गेली. पण जो ठेंगणा उंबरठा हवा, तो प्रत्येक वेळी तेवढाच ठेंगणा करणं हे उंच उंबरठ्याइतकंच कष्टाचं काम आहे. म्हणजे माझी नोकरी शाबूत आहे.

आता कबुलीकडे येते.

या नव्या कामात माझ्याकडे पुन्हा परीक्षकाचंच काम आलं. फक्त प्रश्नपत्रिका उलटी झाली. आधी विचारायचे, तू बदललास का? आता विचारायचं, तू खरंच मनमोकळा बदलतोस का, की त्यात काही ठरलेलं आहे? त्यासाठी चाचण्या असतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचा १५ चाचण्यांचा एक संच आहे. त्यातली पहिली चाचणी छापे आणि काटे साधारण सारखे आहेत का ते बघते. आणखी एक चाचणी सलगपणा बघते. सलग छापे, सलग काटे, अशा रांगा किती आहेत? रांगा फार लांब असतील तर वस्तू अडखळते आहे. पण त्या फार आखूड असतील, छापा-काटा फार वेळा आलटून पालटून येत असेल, तरीही वस्तू नापास. खऱ्या नाण्याला मागचं काही आठवत नाही. म्हणून सलग चार छापे आले तर पाचव्याची लाज त्याला वाटत नाही.

एका रात्री एका जंक्शनची नोंद माझ्यासमोर आली. छापे-काटे जवळजवळ निम्मे-निम्मे. पहिली चाचणी पास. मला ती नोंद फार आवडली, इतकी नीटनेटकी होती. दुसऱ्या चाचणीत ती आपटली. आलटापालटी नको तेवढी होती. शोधल्यावर कळलं की वाचणाऱ्या सर्किटमध्ये आधीच्या उत्तराचा थोडा अंश उरत होता आणि तो पुढच्या उत्तराला उलट्या बाजूला ढकलत होता. त्या पडद्यावरच्या शून्य-एकांकडे बघताना मला वाटलं, हे अक्षर मी कुठेतरी पाहिलं आहे. छा, का, का, छा, का, छा, छा, का. ती माझी वही होती. ‘उत्तम’ लिहिलेली.

मग मी तिथेच कागद घेऊन आपल्या वर्गाचं गणित मांडलं. खरं नाणं शंभर वेळा उडवलं तर बरोबर पन्नास छापे येण्याची शक्यता शंभरात फक्त आठ. ४२ मुलांत तीन-चार जणांचे पन्नास यायला हवे होते. अठ्ठेचाळीस ते बावन्नच्या आत सोळाएक जणांचे. आपल्या वर्गात एकेचाळीस जणांचे आले! पन्नासपासून आठ किंवा जास्त अंतरावर, म्हणजे अठ्ठावन्नच्या वर किंवा बेचाळीसच्या खाली, ते आकडे धरून, जाण्याची शक्यता शंभरात तेरा. आपल्यातल्या पाच-सहा जणांचं तसं यायला हवं होतं. एकाचंच आलं. आणि सलग सात? शंभर उडवण्यांत सलग सात किंवा जास्त एकसारखे कुठेतरी येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच आहे. सात सलग नसणाऱ्या वह्यांनाच खरं तर ते कारण विचारायला हवं होतं.

आता यावरून अनुमान करू, पी-बिट करतात तसं. समजा वही उघडण्याआधी सरांना वाटत होतं की निम्म्या मुलांनी खरं केलं असेल, निम्म्यांनी ठोकून दिलं असेल. वहीत अठ्ठावन्न दिसले. खरं करणाऱ्याकडे एवढं अंतर पडण्याची शक्यता शंभरात तेरा. ठोकून देणारा अठ्ठावन्न लिहील का? कशाला लिहील? शंभर लबाडांत एखादाच लिहील असं धरा. म्हणजे त्या वहीकडे बघून, हा मुलगा खरं बोलतो याच्या बाजूने तेरास एक. सबंध वर्गात ज्याच्या खरेपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा होता, त्यालाच छड्या बसल्या.

यात मी सरांना दोष देत नाही. मनापासून सांगते. सरांसमोर एकेचाळीस वह्या एक बोलत होत्या आणि एक वही वेगळं बोलत होती. कुणीही एकेचाळीसांवर विश्वास ठेवला असता. आपण सगळ्यांनी इतकं एकसारखं खोटं लिहिलं की खरं खोट्यासारखं दिसायला लागलं. छडी सरांच्या हातात होती, पण ती उगारायला आपण लावली. त्यातही ज्या वहीचा नमुना म्हणून उपयोग झाला, ती माझी होती. त्या दिवशी मी उभी राहून “सर, मी उडवलंच नाही” असं म्हटलं असतं, तर आणखी दहा जण उभे राहिले असते. मी बसून राहिले.

नंतरही बोलले नाही. आपल्या वेळी मुली मुलांशी बोलत नसत, हे एक. आणि ‘उत्तम’ची गोडी लागली होती, हे दुसरं. दुसरं जास्त खरं.

या मेळाव्याचं ठरलं तेव्हा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून मी त्याचा नंबर घेतला आणि फोन केला. अडतीस-एकोणचाळीस वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदा बोलले. तुम्हाला माहीतच आहे, त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे आणि आवाज ऐकून तो बिघाड सांगतो. मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. म्हणाला, “छड्यांचं काय घेऊन बसलीस, त्या रोजच्याच होत्या.” मग थोडा थांबून म्हणाला, “पण खरं सांगू का? त्या रात्री लाइट गेली होती. कंदिलाजवळ बसून शंभर वेळा उडवलं. सलग सात आले तेव्हा मला एवढी मजा वाटली होती की आजीला उठवून दाखवलं. त्यानंतर गृहपाठ मी कधी खरा केला नाही. कशाला करायचा?”

हे ऐकल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. छड्यांचे वळ गेले, पण ही एक गोष्ट राहिली. शाळेच्या दहा वर्षांत त्याला एकदाच एक गोष्ट खरोखर आवडली होती आणि ती आम्ही त्याच्याकडून काढून घेतली. दहावीला तो पहिल्या खेपेला नापास झाला, तेव्हा आपण म्हणालो, होणारच होता. लाल ठिपका. कुठल्या चाचणीत नापास, हे कुणी विचारलं नाही. मी रोज तेच काम करते आणि मीही विचारलं नाही.

काल सरांकडे गेले होते. सगळं सांगितलं. सर म्हणाले, “अगं, ते तेरा टक्के कसे काढलेस ते लिहून दाखव.” मी लिहून दिलं. चष्मा लावून, स्वतःच्या पेनाने एकेक पायरी तपासली. मग म्हणाले, “बरोबर आहे. मग मी चुकलो.” आणि जरा वेळाने, “हे उद्या सगळ्यांसमोर सांग. माझी चूकही सांग. मुलांना कळू दे की मास्तरही तपासून बघतो.” सर, सांगितलं.

मुख्याध्यापक महोदय, एक विनंती आहे. यंदाच्या नववी-दहावीच्या मुलांना हा गृहपाठ द्या. गुण ठेवू नका, नमुना वही फिरवू नका. वह्या आल्या की त्यांतल्या सगळ्यात लांब रांगा फळ्यावर लिहा आणि कुणाच्या वहीत सलग सात-आठ आलेत ते कौतुकाने विचारा. पाहिजे तर मी सिंगापूरहून फोनवर येईन आणि खऱ्या-खोट्या वह्या ओळखून दाखवीन. बहुतेक ओळखेन. सगळ्या नाही ओळखता येणार, हेही त्यांना सांगेन.

आणि तू, शेवटच्या बाकावरच्या माणसा. आजही तू शेवटच्याच रांगेत बसला आहेस, मला इथून दिसतंय. अठ्ठावन्न बरोबर होते. सलग सातही बरोबर होते. माझे एक्कावन्न खोटे होते आणि तू खरं सांगत होतास तेव्हा मी हसले. मला माफ कर.